फ्रिजमधला कावळा

तिसरा कावळा अंगणात पडला आणि मावशींचा संशय पक्का झाला. हे काम वरच्या घुबडाचंच.

घुबड म्हणजे वरच्या खोलीतला भाडेकरू. रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून हे नाव मावशींनीच पाडलेलं. कावळ्यांच्या कलकलाटाला वैतागून तो एकदा खिडकीतून ओरडला होता, "एकेकाला कायमचा गप्प करतो बघ!" आणि लगेच कावळे माना वाकड्या करून, प्यायल्यासारखे झोकांड्या खात मरायला लागले. आता आणखी काय बघायचं राहिलं? रविवारी खोली खाली कर, असं मावशींनी त्याला सांगून टाकलं.

"मावशी, मी मुंगीसुद्धा मारत नाही हो. एवढ्यात दुसरी खोली कुठे मिळणार मला?"

"मुंगी कुठे काव काव करते?"

पुरावा हवा म्हणून तो तिसरा कावळा त्यांनी नुसत्या हाताने उचलला, कागदात गुंडाळला आणि फ्रिजमध्ये पालेभाजीशेजारी ठेवला. सुनेने दुधासाठी फ्रिज उघडला, किंचाळली, आणि तडक पाखरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बाई हातमोजे, मास्क घालूनच आल्या. पिशवीत हात घालून त्यांनी पिशवीसकट कावळा धरला आणि पिशवी उलटी केली; कावळा आत, हात बाहेर. वर दुसरी पिशवी. मावशी त्यांच्या बोटांवर नजर ठेवून होत्या. घुबडाने हिलाही फितवलं नसेल कशावरून?

"नुसत्या हाताने उचललात?"

"मग काय चिमट्याने?"

"साबणाने हात चोळून धुवा. ती भाजी टाका, फ्रिज पुसून काढा."

"विष सापडलं की आधी मला सांगा."

शनिवारी बाई पुन्हा आल्या. "विष नाही, मावशी. विषाणू आहे. डास आजारी पाखराला चावतो, मग दुसऱ्याला. कधी माणसालाही. पाणी कुठे साचतं इथे?"

"वर!" मावशी जिना चढल्यासुद्धा.

घुबडाच्या गॅलरीत कुंड्यांखालच्या बश्या कोरड्या ठणठणीत. बादली उपडी. मावशींनी पलंगाखालीही वाकून पाहिलं. बांधून ठेवलेलं गाठोडं, बाकी काही नाही.

खाली येताच बाई भिंतीपाशी थांबल्या. तिथे मावशींचा टब होता, कावळ्यांना पाणी प्यायला ठेवलेला. रोज सकाळी वरून तांब्याभर ओतायचं. रिकामा करून घासायचा कधीच नाही, पाणी कशाला वाया घालवा? आत बारीक अळ्या वळवळत होत्या.

"त्या घुबडानेच टाकल्या असतील," मावशी म्हणाल्या. आवाजात जोर नव्हता.

"अळ्या कुणी टाकत नाही. डासांची पिल्लं ती. कावळे याच डासांनी मेले असं मी छातीठोक नाही म्हणणार. पण डास इथे होतायत."

मावशींनी बाईंना चहासुद्धा विचारला नाही.

रविवारी घुबड डोक्यावर गादी घेऊन जिना उतरला. मावशी अंगणात टब उपडा करून घासत होत्या.

"कुठे निघालास?"

"तुम्हीच तर म्हणालात..."

"मी छप्पन गोष्टी बोलते. गादी वर टाक आणि ये, टब धर. कंबर गेली माझी."

त्याने गादी तिथेच टेकवली. "आणि कावळे ओरडले तर?"

"ओरडणारच. कानात बोळे घाल."

तो टब धरायला वाकला, तेव्हा मावशींची नजर त्याच्या फुगलेल्या खिशाकडे गेलीच.

"त्यात काय आहे रे?"