खुंटावरचं नाव

आमच्याकडे बदकांच्या शिकारीसाठी तळ्याकाठी जे लपण बांधतात, त्याला मायमाय म्हणतात. माझे सासरे ड्यूगल मकेक्रन यांचं मायमाय विंटन गावाच्या पलीकडच्या सरकारी तळ्यावर, दक्षिण टोकाला होतं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ते एकट्याने उभं केलं होतं. कुंपणाचे जुने खांब, गंजका पत्रा आणि वर पाणकणसाचा शाकार. बदक नेहमी वाऱ्याला छाती देऊन उतरतं. त्यामुळे दक्षिणेचा बोचरा वारा सुटला की तळ्यावर येणारं बहुतेक प्रत्येक बदक आमच्या तोंडासमोर येऊन पाय सोडायचं. त्या टोकाला यापेक्षा चांगली जागा नव्हती, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तळं सरकारी, म्हणून जागा कोणाच्याच मालकीची नाही. एप्रिलमधल्या एका ठरलेल्या रविवारी, गेल्या मोसमात ज्याच्या नावावर जागा होती त्याने सकाळी दहाच्या आत येऊन आपलं तिकीट, म्हणजे नावाची चिठ्ठी, लपणापाशी रोवलेल्या खुंटावर ठोकायचं. दहा वाजले की जागा मोकळी. मग जो आधी पोहोचेल त्याची. एका खुंटावर एकच नाव; आमच्या खुंटावर ड्यूगल यांचं. दर वर्षी त्या रविवारी पावणेदहाला गॅलब्रेथ बंधू बांधावर गाडी लावून थर्मासमधला चहा पीत उभे राहत. ड्यूगल तिकीट ठोकत, ते दोघे टोपीला हात लावत आणि निघून जात. यात वैर नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही त्याच बांधावर असाच चहा प्यायला होता.

लपणात ड्यूगल यांचा कायदा चाले. उंचावरून जाणाऱ्या थव्यावर बार टाकणाऱ्याला ते माणसात धरत नसत. बदकाला एक फेरी घेऊ द्यायची, दुसरी घेऊ द्यायची, बदकं बोलावायची पिपाणी गप्प ठेवायची, आणि त्याने पाय सोडले की मगच उठायचं. शेजारच्या लपणाकडे वळलेला पक्षी शेजाऱ्यांचा. जखमी पक्षी हाती लागल्याशिवाय नव्या पक्ष्याकडे बघायचं नाही. आणि या सगळ्यांच्या वर एक गोष्ट होती : दुसऱ्याने पाडलेला पक्षी आपला म्हणायचा नाही.

या शेवटच्या गोष्टीपायी त्यांनी सख्ख्या भावाला घालवलं होतं. मी तेव्हा नुकताच आयल्साशी लग्न करून त्या घरात आलो होतो, आणि लपणात तिसरा होतो. हिरव्या डोक्याचा एक नर पडला. त्यांचा भाऊ फर्गस म्हणाला, "हा माझा." ड्यूगल यांनी फर्गसच्या हातातून बंदूक घेतली, बिजागरीत वाकवून उघडली, आतलं न उडालेलं काडतूस काढलं आणि समोरच्या फळीवर उभं ठेवलं. फर्गस त्याच दुपारी चालत घरी गेला. तो पुढे टिमारूला राहायला गेला आणि तिथेच वारला. अंत्यविधीला ड्यूगल मागच्या बाकावर बसले होते. परतताना गाडीत त्यांनी वाटेतल्या मेंढ्यांवर एक वाक्य टाकलं, तेवढंच.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. बघतात ती जागाच नेमकी पुसली जायची. कडा तेवढ्या उरायच्या. माणसाचा चेहरा दिसत नसे, पण खांद्यामागचं झाड दिसे. त्या मार्चमध्ये ते म्हणाले, "यंदा तिकीट काढत नाही. ज्याला पक्षी दिसत नाही त्याने बंदूक कशाला वाहायची?"

मी आणि टिपेने, आम्ही दोघांनी त्यांना गळ घातली. टिपेने हा आमचा शेजारी, माझ्याच वयाचा, खाटीकखान्यात मुकादम. तो ड्यूगल यांना कोरो म्हणायचा, त्याच्या लोकांच्या भाषेत आजोबांना म्हणतात तसं.

"कोरो, तुम्ही नुसते बसा," टिपेने म्हणाला. "शिव्या द्यायला तरी कोणी पाहिजे ना."

"शिव्या घरबसल्या देता येतात."

"पण थंडीत जास्त शोभतात."

ते हसले आणि आले. त्या पहिल्या सकाळी त्यांनी चार बार टाकले, चारही फुकट. पाचव्या वेळी ते उठले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला मी होतो. मी त्यांच्याच पक्ष्यावर, त्यांच्याच क्षणी बार टाकला. पक्षी पाण्यावर आदळला. टिपेने म्हणाला, "झकास, कोरो." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. आम्ही दोघांनी एकमेकांशी कधी ठरवलं नाही. ते उठायचे, मी उठायचो. दोन्ही आवाज एक व्हायचे.

एवढंच असतं तर मी हे सांगताना इतका अडखळलो नसतो. पण पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा तिकीट नको म्हटलं, तेव्हा माझ्या मनात आधी त्यांचा चेहरा आला की बांधावर चहा पिणारे गॅलब्रेथ बंधू, हे मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच म्हणालो, "गेल्या वर्षी तुमचाच हात सगळ्यांत चांगला होता." त्यांनी तिकीट काढलं.

मोसम उघडल्याच्या संध्याकाळी हॉटेलात सगळे शिकारी जमतात. तिथे ते आता पुन्हा बोलू लागले. डोळे गेले तरी पक्षी पंखांच्या आवाजावरून कसा धरता येतो, हे ते तरुणांना समजावून सांगत. तरुण माना डोलवत. शेजारच्या विधवा बाईंना ते बदकं देत आणि सांगत, "मी पाडलेली आहेत." मी समोरच्या ग्लासाकडे बघत राही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली, मोसम उघडण्याची सकाळ; आमच्याकडे तेव्हा हिवाळा लागतो. पाण्याच्या कडेला बर्फाची पातळ साय, वारा दक्षिणेचा. साडेसहाला त्यांनी दुनळी भरली. माझ्या सासूबाईंनी दिलेले चीजचे गरम रोल टिपेनेच्या कोटात होते, आणि त्यावरून तो दोघांनाही ब्लॅकमेल करत होता.

"एक पक्षी, एक रोल," तो म्हणाला.

"मग जावईबापू उपाशी मरणार," ड्यूगल म्हणाले. "गेल्या साली यांच्या नावावर काय होतं? दोन?"

"तीन," मी म्हणालो.

"तिसरा आजारी होता."

पहिली जोडी आली. दोन फेऱ्या घेतल्या, पाय सोडले. ड्यूगल उठले, मी उठलो, नर पडला. "झकास, कोरो," टिपेने म्हणाला आणि रोल पुढे केला. ड्यूगल यांनी तो लगेच घेतला नाही. ते बंदुकीवर हात फिरवत उभे होते. मला वाटलं, बोटं गारठली असतील. मग ते बसले आणि म्हणाले, "हो. चांगला पडला."

त्यानंतर सकाळभर ते दर वेळी उठले. दर वेळी बंदूक खांद्याला लावली. दर वेळी पक्षी पडला आणि टिपेनेने कौतुक केलं. नऊच्या सुमारास सहाव्या पक्ष्याला ते स्वतःहून म्हणाले, "हा जरा मागून लागला का रे?" टिपेने म्हणाला, "नाही हो, मानेतच. तुमचं काही विचारू नका." सातव्याला मी म्हणालो, "आज तुम्ही आम्हाला काही ठेवणारच नाही वाटतं."

मग पाणी शांत झालं. ड्यूगल यांनी बंदूक वाकवून उघडली. आतली दोन्ही काडतुसं बोटांनी काढली आणि समोरच्या फळीवर उभी ठेवली, एकाशेजारी एक. पितळेच्या बुडावर घोडा आपटल्याची खूण नव्हती. सकाळभर त्यांनी बंदूक पुन्हा भरली नव्हती, आणि ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

"साडेसहाला घातलेली आहेत," ते म्हणाले. "पहिल्या वेळी सुरक्षेचा खटका सरकवायचा राहिला. अंगठा बधिर झाला होता. नंतर मी तो सरकवलाच नाही."

त्या फळीवर याआधी कोणतं काडतूस उभं राहिलं होतं हे मला माहीत होतं. टिपेने तेव्हा नव्हता, पण ही गोष्ट तळ्यावरच्या प्रत्येकाला माहीत होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं," मी म्हणालो. "हे तिसरं."

"हॉटेलात किती जणांना ठाऊक आहे?"

टिपेने उरलेले रोल कोटात नीट लावू लागला. तेही एक उत्तर होतं.

"कोरो," टिपेने म्हणाला, "सुरुवात तुमच्यासाठी झाली. शपथेवर सांगतो."

"मग बदललं कधी?"

टिपेनेने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्यावर आमिष म्हणून सोडलेल्या लाकडी बदकांकडे पाहिलं. ती आपल्या दोऱ्यांना बांधलेली, वाऱ्याकडे तोंड करून डुलत होती.

"एका पक्ष्यापायी मी फर्गसला घालवला," ड्यूगल म्हणाले. "एका. माझ्या नावावर तुम्ही किती लिहिलेत?" आणि मग, आवाज अजिबात न चढवता : "तुला जागा हवी होती, रॉस. मागितली असतीस तर मी शेजारी उभा राहून तुझं तिकीट तुला ठोकू दिलं असतं. ज्याचं नाव तो स्वतः राजी असला की कोणी अडवत नाही. त्याला एक वाक्य लागलं असतं."

ती सातही बदकं त्यांनी तिथेच ठेवली. घरी आम्ही ती नेली. त्यांनी ताटाला हात लावला नाही. आयल्साला मी सगळं सांगितलं. तिने हातातलं भांडं विसळून पालथं घातलं आणि ती म्हणाली, "बाबांना कमी दिसतं ते पुरेसं होतं. तुम्ही त्यांना आंधळं केलंत."

वर्षभर ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले. हवा, मेंढ्या, गाडीचे टायर. शिकारीचा विषय कोणी काढला नाही. मार्चमध्ये त्यांनी तिकीट काढलं, तेव्हा मला वाटलं, राग निवळला. मी स्वतःचंही तिकीट काढलं आणि खिशात ठेवलं. आता मागू, असं मी मनाशी म्हणत होतो.

त्या रविवारी त्यांनीच मला गाडी काढायला सांगितली. साडेनऊला आम्ही खुंटापाशी पोहोचलो. बांधावर गॅलब्रेथ बंधूंची गाडी होती. थोरला इनिस थर्मासचं झाकण हातात धरून उभा होता. ड्यूगल उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. हातोडी मांडीवर, तिकीट कोटात. ते काढण्याची त्यांना घाई नव्हती.

"ड्यूगल," मी म्हणालो. "मला काही विचारायचंय."

"विचार."

"जागा माझ्या नावावर..." पुढचं मला जमलं नाही. गेल्या मे महिन्यात जे वाक्य चाललं असतं, ते आता माझ्याच कानाला वसुलीसारखं वाटलं.

"हं," ते म्हणाले, आणि तळ्याकडे तोंड करून बसून राहिले. एक पुकेको, आमच्याकडची निळी पाणकोंबडी, चिखलातून लांब तांबडे पाय उचलत गेली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"नऊ बावन्न," मी म्हणालो. खरंच तेवढे वाजले होते.

त्यांनी मान वळवली, बांधाच्या दिशेने. "इनिस," त्यांनी हाक मारली, "तुझ्या घड्याळात किती?"

इनिस गॅलब्रेथने आधी माझ्याकडे पाहिलं. असा प्रश्न मी शेजारी उभा असताना त्याला का विचारला जातोय, हे त्याला कळलं असावं, कारण त्याने नजर लगेच खाली घेतली. "नऊ बावन्न, मिस्टर मकेक्रन," तो म्हणाला.

"ठीक आहे. दहा झाले की सांग."

मी घड्याळ बाहीखाली सरकवलं. वेळ सांगून काय होणार होतं? मी जे सांगेन ते यापुढे ड्यूगल दुसऱ्याकडून पडताळून घेणार होते. आठ मिनिटं आम्ही चौघे तिथे होतो. धाकट्या गॅलब्रेथने चहा ओतून दिला. माझा हात खिशातल्या तिकिटावर होता. दहाच्या ठोक्याला मी खुंटाच्या सगळ्यांत जवळ असणार होतो. कायद्याने ती जागा माझी झाली असती. हेही त्यांना नक्की ठाऊक होतं.

"दहा झाले," इनिस म्हणाला. तो जागचा हलला नाही. "मिस्टर मकेक्रन, तुम्ही तिकीट लावा. आम्ही काही बघितलं नाही."

"नको," ड्यूगल म्हणाले. "यापुढे माझ्यासाठी कोणी 'बघितलं नाही' म्हणायला नको."

मग ते माझ्या बाजूला तोंड करून थांबले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, खांद्यामागचं काहीतरी दिसत असेल. मी हात खिशातून रिकामा बाहेर काढला. इनिस खाली आला, ड्यूगल यांच्याकडून हातोडी मागून घेतली आणि आपलं तिकीट ठोकलं. चार ठोके. परतताना गाडीत ड्यूगल यांनी टायरमधली हवा कमी वाटते, असं सांगितलं.

मे महिन्यात, मोसम उघडल्याच्या दुपारी, इनिस आमच्या मागच्या दाराशी आला. हातात दोन बदकं, नर आणि मादी. ड्यूगल स्वतः दाराशी गेले.

"कोणी पाडली?" त्यांनी विचारलं.

"नर मी. मादी भावाने."

"बरं."

ते बदकं घेऊन मागच्या पडवीत बसले आणि पिसं उपटू लागले. मी शेजारी बसून मादी घ्यायला हात पुढे केला. "राहू दे," ते म्हणाले. त्यांची बोटं नराच्या छातीवरून सावकाश फिरत होती, छऱ्यांच्या जागा चाचपत. "समोरून," ते म्हणाले, मला किंवा कोणालाच नाही. "जवळून. पाय सोडेपर्यंत थांबलाय." आणि पिसांची मूठ बादलीत टाकून त्यांनी पुढची मूठ धरली.