बोथट सुया

दुकानदाराने काउंटरवर पेटी उघडली आणि माझं डोकं फिरलं. आत मखमलीचे खण, खणांत चकचकीत अवजारं. निम्म्यांचा उपयोग त्यालाही सांगता येत नव्हता.

"काकू, नवशिक्यांसाठी हाच संच. यात सगळं आलं."

"नवशिकं कोण?" सासूबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी उभा जन्म बॅगांच्या कारखान्यात शिलाई मशिनवर काढला. मालकाने नवी मशिनं आणली, जुनी माणसं काढली आणि निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी बसून वेळ बघा म्हणून. लोकांना लाज नसते. सासूबाईंनी ते घड्याळ न उघडताच माळ्यावर टाकलं आणि रविवारच्या बाजारात चामडी पाकिटांचं टेबल मांडायचं ठरवलं. बाजाराची अट एकच होती, माल हातानेच शिवलेला हवा. शनिवारी बाजार भरवणाऱ्या बाई नमुना तपासणार. पसंत पडला तर टेबल, नाहीतर वर्षभर वाट बघा. आणि सासूबाईंनी हाताने शर्टाचं बटणसुद्धा कधी लावलं नव्हतं. आमच्याकडे ते काम सासऱ्यांचं.

"पेटी मिटा," मी म्हणाले. "सुटं दाखवा."

तोंड पाडून का होईना, त्याने दाखवलं. भोक पाडायला आरी. सासूबाईंनी एकेकीची मूठ तळहातात दाबून पाहिली, न आवडलेल्या सरळ परत सरकवल्या. चामडं कापायला रापी, तिच्या धारेला दगड. टाक्यांच्या खुणा सारख्या अंतरावर उठवायला दातांचा काटा, त्यावर ठोकायला लाकडी हातोडी. जाड दोरा आणि त्याला चोळायला मेणाचा गोळा. मेण त्यांनी नाकाशी नेलं नि डोळे मिटले.

"हे बरं आहे. आमच्या मशिनला तेलाचा वास यायचा."

मग सुया आल्या. टोकं गोल.

"बोथट आहेत या."

"काकू, हातशिलाईला अशाच लागतात. भोक आरीनं पडतं, सुई नुसती..."

"मला सुई शिकवता? बोथट सुई सापडली की आमचा सुपरवायझर सगळ्यांसमोर उद्धार करायचा. टोकदार द्या."

"अहो, पण..."

"टोकदार म्हणाल्या ना त्या?" मी आवाज चढवला. पेट्या गळ्यात मारणाऱ्या माणसाचं मी काय म्हणून ऐकून घेऊ?

घरी येऊन बघितलं तर दोऱ्याच्या वेष्टनावर चित्र होतं. एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जायच्या. सासूबाई खिडकीशी बसल्या, गुडघ्यांत पाकीट धरलं आणि गाडी अडली. पहिली सुई सुरेख जायची. दुसरी तिच्याच दोऱ्यात घुसायची. दोरा चिरायचा, ओढला की ना पुढे ना मागे. शुक्रवारच्या संध्याकाळी ते पाकीट उंदराने कुरतडल्यासारखं दिसत होतं.

"बोटात टोचते, दोऱ्यात टोचते, भोक सोडून सगळीकडे जाते मेली," सासूबाई म्हणाल्या. मग सुईचं टोक बोटावर टेकवून बघितलं. "तो दुकानदार बरोबर होता गं."

"तो लुटारू आहे, आई."

"आहेच. पण सुयांचं खरं बोलला."

दुकान तोवर बंद झालं होतं. त्यांनी धारेचा दगड ओढला आणि सुयांची टोकं घासायला घेतली.

"जन्मभर बोथट सुया फेकून दिल्या, आता चांगल्या सुया स्वतः बोथट करतेय. सुपरवायझरने बघितलं तर?"

"चक्कर येऊन पडेल."

"पडू दे. तू पाणी मारायला धावू नकोस."

आम्ही इतक्या हसलो की सासरे काय फुटलं ते बघायला आले.

मग सुई आरीच्या भोकातून लोण्यातून जावी तशी गेली. दुसरी तिच्या शेजारून, दोऱ्याला धक्का न लावता. सासूबाईंनी दोन्ही हात पसरून दोरा ताणला, टाका चामड्यात बसला, आणि त्या चक्क गुणगुणायला लागल्या. मी लग्न होऊन आल्यापासून हे कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी बाजारवाल्या बाईंनी नवं पाकीट उलटसुलट केलं.

"टाके फारच सरळ आहेत हो. हे मशिनचं काम वाटतंय."

माझ्या जिभेवर जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाईंनी माझं मनगट दाबलं, टेबलावरची कात्री उचलली आणि शिवणीच्या मधोमध एक टाका कापला.

"ओढा आता."

बाईंनी जपून ओढलं. मग जोर लावून ओढलं. शिवण जागची हलली नाही.

"मशिनला वरचा दोरा वेगळा, खालचा वेगळा," सासूबाई म्हणाल्या. "एक तुटला की शेजारचे सैल पडतात. आयुष्यभर तसलेच टाके घातलेत मी, मला विचारा. इथे प्रत्येक भोकात दोरा दोन्ही बाजूंनी जातो. एक टाका गेला तरी बाकीचे धरून ठेवतात."

बाईंनी पुन्हा एकदा ओढून बघितलं. आता त्यांनाच मजा वाटत होती.

"टेबल कुठे देऊ तुम्हाला?"

"दाराशी, उजेडात," सासूबाई म्हणाल्या. "आणि खुर्च्या दोन ठेवा. सून माझ्यासोबत बसेल. गिऱ्हाइकांशी भांडायला कुणीतरी लागतं."