पाटीवर आलेली बस

आमच्या धाकटीचा नवरा बसच्या कार्यालयात साहेब आहे. पुढची बस किती मिनिटांत येणार हे थांब्याथांब्यावर सांगणाऱ्या विजेच्या पाट्या त्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून मी त्याला पाटीसाहेब म्हणते. तोंडावर नाही. तोंडावर अहो-जाहो करावं लागतं, घरचा जावई पडला ना.

या पाट्यांची गंमत त्यानेच एकदा आमच्याकडे जेवताना फुशारकी मारत सांगितली होती. बसमधल्या यंत्राकडून काही कळलं नाही, तर पाटी कोरी पडायची आणि लोक बोंब मारायचे. मग याने हुकूम काढला, की कळो न कळो, पाटीने वेळापत्रक बघून मिनिटं मोजत राहायचं. म्हणजे बस आगारातून हललीसुद्धा नसली, तरी पाटीवर ती येते आणि जाते. वर वेळेवर आली अशी तिची नोंदही होते. यामुळे तक्रारी कशा घटल्या ते तो रंगवून सांगत होता, आणि आमची आई कौतुकाने त्याला आणखी वाढत होती.

लग्नानंतर धाकटीने शिकवणं सोडलं, ते सोडलंच. मुलं मोठी झाल्यावर हिंमत करून तिने एका शाळेत अर्ज केला आणि चक्क मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत म्हणून मी थांब्यावर गेले. पाटी म्हणाली चार मिनिटं, मग तीन, मग एक, मग "आली". रस्त्यावर बसचा पत्ता नव्हता. थांब्यावरची माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. धाकटीने नवऱ्याला फोन लावला, तर त्याने ऑफिसातल्या स्क्रीनवर बघून सांगितलं, की बस येऊन गेली, तुमचंच लक्ष नसेल. टॅक्सी मिळून शाळेत पोचेपर्यंत मुलाखती आटोपल्या होत्या.

दुपारी तिने मुख्याध्यापिकाबाईंना फोनवर खूप गळ घातली. बाई म्हणाल्या, बसचं कारण सगळेच देतात; बसच्या कार्यालयातलं कुणी जबाबदार माणूस माझ्याशी बोललं, तर उद्या या. धाकटीचा जीव भांड्यात पडला. जबाबदार माणूस तर घरातच होता! संध्याकाळी मी तिच्या घरीच होते, तेव्हा तोही म्हणाला, बोलतो की, त्यात काय एवढं. तिने फोन स्पीकरवर टाकला, कार्यालयातले साहेब बोलतायत असं बाईंना सांगितलं आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"सकाळची बस आली नव्हती का हो?" बाईंनी विचारलं.

पाटीसाहेबांनी घसा खाकरला. "आली होती. आमच्याकडे तशी नोंद आहे. अगदी वेळेवर."

एक सणसणीत थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. बायकोची नोकरी गेली खड्ड्यात, पाटीची अब्रू राहिली म्हणजे झालं. धाकटीने फोन जवळ ओढला.

"बाई, बस आली नव्हती. मी तिथे उभी होते. हे खोटं बोलतायत. आणि हे माझे मिस्टर आहेत."

यावर बाई अगदी मायेने म्हणाल्या, की आधी घरातली भांडणं मिटवा, नोकरीचं पुढच्या वर्षी बघू. आणि त्यांनी फोन ठेवला.

धाकटी फोन हातात घेऊन तशीच उभी राहिली. पाटीसाहेब खुर्चीत मागे रेलले.

"बघ," तो तिला म्हणाला, "त्यांनासुद्धा पटलं."