चोवीस नंबरची चूल

मोजणीवाली पोरगी दुपारी दोनला आली, उन्हानं तोंड लाल करून. नाव मंजुषा, भंडाऱ्याची. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जायच्या आधी तिच्या संस्थेनं तिथल्या एक्कावन्न घरांची कमाई लिहून नेली होती. त्याला वीस वर्षं झाली. आता तीच घरं शोधत ती या नव्या वस्तीत फिरत होती. लोकांनी तिला माझ्याकडे धाडलं. शेवंताबाईला सारं गाव पाठ आहे म्हणतात. आहेच.

"कोणाची कमाई किती, तुले कायले पाहिजे वो?" मी विचारलं.

"आजी, सगळी घरं कमाईप्रमाणे एका ओळीत लावतो. सगळ्यात गरीब पहिलं. मग बरोबर मधलं घर पाहतो. त्याची कमाई वाढली तर गाव सुधारलं."

"म्हणजे राशनची लाइन. फक्त धान्य नाही भेटत."

ती हसली आणि नावं वाचू लागली. पुंडलिकराव? आहे, दुकान टाकलं. शकुनबाई? मेली, घर बंद. कृष्णराव? पोरं सुरतेला गेली, तो इथंच सरला. वाचता वाचता दहा घरं गळाली. दहाही ओळीच्या सुरुवातीची.

"मंग मधलं घर वर सरकलं ना," मी म्हणाले. "खालचे मेले म्हणून."

तिचं बोट थांबलं. "हो आजी. कागदावर गाव सुधारलेलं दिसेल."

"वा. मरणाऱ्यांचे उपकार."

बोलून गेले आणि अंगणाकडे पाहिलं. नुसतं ऊन होतं. तरी वाटलं, जिचं नाव वाचलं ती शकुनबाई येऊन उभी आहे, तिच्या मागं कृष्णराव, बाकीचे, आणि पाय सगळ्यांचे घोट्यापर्यंत ओले.

"नंबर चोवीस. धुरपता परसराम."

माझ्या डोळ्यांत धूर गेला. या घरात पहिल्या दिवसापासून गॅस आहे, चूल कधी मांडलीच नाही. तरी हा धूर येतो, भर दुपारी, ओल्या काड्यांचा. मुलानं पवनीला नेऊन डोळे दाखवले. डॉक्टर म्हणे, काही नाही.

"माझी लहानी जाऊ," मी म्हणाले. "आमच्यातच होती. येगळी नव्हती."

"पण इथं तेव्हाच्या बाईंचा शेरा आहे." तिनं वाचलं. "'मोठी जाऊ म्हणते एकच घर. मागच्या सपरीत (पडवीत) चूल पाहिली. वेगळी.' माणूस एक. कमाई वर्षाची नऊ हजार, धानाची रोवणी आणि मोहफुलं." तिनं पुढचा रकाना पाहिला. "तुमच्या घरात विलीन झालं, असं टाकू का? तसं टाकलं की पुढं जाता येते."

सोपं होतं. हो म्हटलं असतं तर धुरपताचं घर कधी नव्हतंच. सून करुणा चहा घेऊन दारात आली होती, तिच्यासमोर अब्रूही राहिली असती.

दीर परसराम गेल्यावर धुरपताची चूल मीच सपरीत काढून दिली होती. पण पाटलासारखं नांदलेलं घर फुटलं, हे मी कोणाला कळू देत नव्हते. मग धरणाची सरकारी मोजणी आली. ज्याची चूल, त्याला नव्या वस्तीत प्लॉट. त्या सकाळी मी धुरपताच्या चुलीवर घागरभर पाणी ओतलं, ती फोडली, वरून शेणानं सारवून टाकलं. ती बाजूला उभी होती. एवढंच म्हणाली, "बाई, मंग आज मी कोठं रांधू?"

मोजणीवाल्यानं विचारलं, चुली किती. मी म्हणाले, एक.

इथं आल्यावर तिला जागाच नव्हती. महिनाभर माझ्या ओसरीवर निजली, मग चिखला गावाकडे मजुरीला गेली. पावसाळ्यात तापानं गेली म्हणे. मला अकराव्या दिवशी कळलं.

"आजी?" मंजुषा म्हणाली. "विलीन?"

"नाही. येगळी होती. येगळं घर होतं तिचं."

"मग घर कशानं संपलं? यात स्थलांतर आहे, मृत्यू आहे, इतर आहे."

"इतर टाक. लिही, मोठ्या जावेनं तिची चूल विझवली."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून लिहायला लागली. करुणानं कप खाली ठेवला.

"आई, तुम्ही तं सांगत होत्या, काकी आपल्या मनानं गेल्या."

"सांगत होती."

"मले, पोराईले, सगळ्याईले."

"हो."

मंजुषानं सहीसाठी मोबाइलची काच पुढं केली. मी बोटानं नाव काढलं. ती पंचवीस नंबर वाचू लागली. करुणा आत गेली नाही, माझ्याजवळ बसलीही नाही. दारातच उभी राहिली, अंगणाकडे पाहत, आणि ती काय पाहते आहे हे विचारायची मला हिंमत झाली नाही.