ग्रहणाच्या नावावर

स्कूटीची चावी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात होती. ती तिथं कुणी टाकली हे घरात फक्त अंबूबाईंना ठाऊक होतं, आणि त्या ओट्याकडं तोंड करून, जगात दुसरं कामच उरलं नसावं अशी कोथिंबीर निवडत होत्या.

“आत्या, माझी चावी बघितली का कुठं?” दिवाणावरच्या उशा उलट्यापालट्या करत सुनेनं, सोनमनं, विचारलं.

“मला काय ठावं बाई तुमच्या चाव्या? आमच्या वस्तीवर दाराला नुसती कडी असती.”

“आत्ता तर इथं होती.”

“मग नको जाऊस. एक दिवस न्हाई गेलं तर काय बिघडतंय? पोटुशी बाई हाईस. गप पडून ऱ्हावं.”

सोनमला सहावा महिना होता. तिनं आणखी थोडी शोधाशोध केली, घड्याळ बघितलं आणि पिशवी खांद्याला अडकवली. “जाऊ दे. चालत जाते. तेवढंच चालणं होईल.”

अंबूबाईंच्या हातातली जुडी हातातच राहिली. गाडीवरून जाणारी पोरगी आता उन्हातून पायी जाणार, हे काही त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. चावी काढून द्यावी तर चोरी उघडी पडत होती.

“थांब. मी बी येती.”

“तुम्ही? पिलाटीजच्या व्यायामाला?”

“व्हय. काय चालतंय तिथं, ते बघू तरी दे मला.”

सोनमनं सासूकडं जरा रोखून बघितलं, पण नाही म्हणाली नाही. अंबूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चपला घातल्या.

म्हसवडजवळच्या वस्तीवरून त्या सुनेच्या मदतीला म्हणून आल्या होत्या, आणि आल्यापासून मदतीपेक्षा पाळतच जास्त ठेवत होत्या. सून रोज सकाळी चटई अंथरायची, पाय वर करायची, कंबर उचलायची, तोंडानं फूऽऽ करून श्वास सोडायची. शिवाय आठवड्यातून दोनदा घराजवळच, विश्रामबागेतल्या त्या क्लासला जायची. जाताना पिशवीत मोजे घ्यायची, तळव्याला रबराचे ठिपके असलेले. हे ठिपके कशाला, असं अंबूबाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाली, “घसरू नये म्हणून.” गरोदर बाईला घसरायची भीती असते असलं कसलं काम हे? अंबूबाईंच्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

मग त्यांनी तिच्या गोळ्यांची पाकिटं पदराखाली घालून खालच्या मेडिकलवाल्याला नेऊन दाखवली. तो म्हणाला, “लोहाच्या गोळ्या हायत मावशी, रक्तासाठी.” अंबूबाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी फ्रीजमध्ये कच्ची पपई शोधली. ती सापडली नाही, तर बाहेर खात असेल असं त्यांना वाटलं.

हा संशय काही हवेतून आलेला नव्हता. आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी गॅलरीत सोनम नवऱ्याशी बोलताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. “मला आत्ता नकोच होतं रे,” ती म्हणत होती आणि रडत होती. विश्वजितनं तिला जवळ घेतलं होतं. अंबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन तशाच मागं फिरल्या होत्या.

ज्या बाईला मूल नको असतं, ती अंगाला झटके देते. हे अंबूबाईंना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते त्यांनी केलं होतं.

पाऊस न झालेलं साल होतं. मालक, ज्योतिबा, मेंढरं घेऊन घाटाखाली उतरलेले. घरी तीन पोरी, धाकटी अजून अंगावर पिणारी, आणि त्यात चौथ्यांदा दिवस राहिले. अंबूबाईंना तेव्हा नुसतं मरावंसं वाटत होतं. भर दुपारी वस्ती झोपली की त्या ओढ्याकडच्या बांधावर चढायच्या आणि खाली उडी मारायच्या. पुन्हा चढायच्या, पुन्हा उडी. गुडघे सोलून निघाले. बरेच दिवस असं केलं. पोटातलं मात्र हललं नाही.

झाला तो विश्वजित. तीन पोरींवरचा पोरगा, वस्तीनं आनंद केला. पण त्याचा डावा पाय आत वळलेला होता.

सासूनं विचारलं, “ग्रहणात विळी हातात धरलीवतीस का?”

ग्रहणाच्या दिवशी अंबूबाई सांगितल्याप्रमाणं अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. विळीकडं बघितलंसुद्धा नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, “व्हय, धरलीवती.” सासू चार शिव्या देऊन गप झाली, आणि पाय कायमचा ग्रहणाच्या नावावर गेला. त्या शिव्या अंबूबाईंना स्वस्त वाटल्या. पुढं मिरजेला नेऊन प्लास्टरं घातली, पाय बराच सरळ झाला. पोरगा शिकला, वीज कंपनीत लागला. चालताना डावीकडं किंचित झुकायचा, इतकंच. पण तेवढंही अंबूबाईंना बघवत नसे. तो समोरून यायला लागला की त्या त्याच्या तोंडाकडं बघायच्या, नाहीतर “पाणी आणती” म्हणून उठायच्या. पोराला वाटायचं, आईला आपल्या पाण्याची फार काळजी.

रस्त्यानं सोनम झपझप चालत होती आणि अंबूबाई तिच्या कोपराला धरून होत्या. आधार द्यायला की पळून जाऊ नये म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

क्लास पहिल्या मजल्यावर होता. लांबलचक स्वच्छ खोली, एका भिंतीला आरसा, आणि मध्ये ओळीनं मांडलेल्या खाटा. पण या खाटांना स्प्रिंगा होत्या, दोऱ्या होत्या, आणि वरची गादी मागंपुढं सरकत होती.

“हातमाग हाय का खाट?” अंबूबाई पुटपुटल्या.

शिकवणाऱ्या बाई, प्रियदर्शनी मॅडम, हसत पुढं आल्या. त्यांनी अंबूबाईंना कोपऱ्यात खुर्ची दिली, पाणी दिलं. बाईंचं बोलणं गोड होतं, म्हणून अंबूबाई जास्तच सावध बसल्या.

सोनमनं ते मोजे चढवले. पाठीला मोठा तक्का लावून, अर्धवट बसती होऊन ती खाटेवर टेकली आणि पायाशी असलेल्या दांडीला रेटून गादी हळूहळू सरकवू लागली. मॅडम पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “श्वास कोंडू नकोस. दम लागला तर थांब.” हे सगळं अंबूबाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या आणि त्यांना त्यात काही वावगं सापडत नव्हतं. म्हणून त्या आणखी बेचैन झाल्या.

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून धप्प असा आवाज आला. तिथं एक बाई उताणी झोपून, पायाशी उभ्या केलेल्या फळीवर उड्या मारत होती. धप्प. गादी मागं जायची, पुढं यायची, पुन्हा धप्प.

अंबूबाई ताडकन उठल्या. खुर्ची मागं पडली. त्यांनी जाऊन सोनमचं मनगट धरलं.

“ऊठ. चल घरला.”

“आत्या, काय झालं?”

“आता तुझी पाळी हाय न्हवं उड्या मारायची? मला काय कळत न्हाई व्हय? माझ्या नातवाला पाडायला येतीस हितं!”

खोलीतल्या सगळ्या खाटा जागच्या जागी थांबल्या. सोनमचा चेहरा लाल झाला. मॅडम जवळ आल्या.

“मावशी, त्या ताई गरोदर नाहीत. सोनमला आपण उड्या देतच नाही. डॉक्टरांना विचारून, तिला झेपेल तेवढंच चालतं इथं.”

“आन् तिला मूल नकोय, ते?” अंबूबाईंच्या तोंडून निघून गेलं. “म्या ऐकलंय. गॅलरीत रडत हुतीस.”

आता ही नाकबूल करणार, खोटं बोलणार, याची अंबूबाई वाटच बघत होत्या. सोनमनं मनगट सोडवून घेतलं नाही.

“नको होतं,” ती म्हणाली. “सुरुवातीला रोज वाटायचं, आत्ता नको. अजून एखाद्या दिवशी वाटतं आणि रडू येतं. विश्वजितला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, मॅडमना पण माहीत आहे. आता बाळ हवंय मला, आत्या. इथं आले की पाठ दुखत नाही, रात्री झोप लागते. म्हणून येते.”

अंबूबाईंच्या हाताची पकड सुटली. नको होतं, असं ही पोरगी भर माणसांत म्हणाली होती आणि कुणी तोंडाला पदर लावला नव्हता. त्यांना सुनेचा राग आला, आणि त्या रागाखाली तिचा हेवा वाटला.

मॅडमनी खुर्ची उचलून सोनमच्या खाटेजवळ आणून ठेवली आणि त्यांना बसवलं. खाटा पुन्हा सरकू लागल्या. सोनम डोळे मिटून पाय ताणत होती.

बराच वेळ गेल्यावर अंबूबाईंनी मॅडमना जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक केला.

“बाई, आमच्या वस्तीवर एक हुती. लय वर्सं झाली. तिला नको हुतं, म्हणून तिनं बांधावरनं उड्या मारल्या. मूल ऱ्हायलं. पर पोराचा डावा पाय आत वळल्याला निघाला.”

“उड्यांमुळं नाही हो मावशी.”

“तुमी बघितलं न्हाईसा, कशा उड्या हुत्या त्या.”

“कशाही असू देत. मी आधी हॉस्पिटलात होते, असल्या पायांची कितीतरी बाळं बघितलीत. का होतं, ते बहुतेक वेळा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. प्रत्येक आई मात्र हेच विचारायची, माझ्या हातून काय झालं? काही झालेलं नसतं.”

“गिराणात विळी धरली तर?”

“ग्रहणानंही नाही.”

“आन् उड्यानं बी न्हाई?”

“उड्यांनीही नाही.”

अंबूबाईंनी मान हलवली. ही गोड बोलणारी बाई आपल्याला गप करायला सांगत असेल, असंही त्यांना वाटून गेलं. इतकी वर्षं उरात धरून ठेवलेलं एका वाक्यानं कसं सुटेल? पण डोळे भरून आले ते आलेच. त्यांनी ते पदरानं टिपले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शेजारची खाट सरकायची थांबली होती. सोनमनं डोळे उघडले होते.

“आत्या,” सोनम हळूच म्हणाली, “मॅडम काय म्हणाल्या, ते त्या बाईला सांगा हं.”

“ती आता म्हातारी झालीया.”

“तरी सांगा.”

“सांगती. आन् चावी पिठाच्या डब्यात हाय.”

सोनमला हसू आवरेना. “मला वाटलंच होतं,” ती म्हणाली आणि तिनं पुन्हा पाय दांडीला लावले.

तास संपायच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. एक जोरात, एक हलकं. ती पावलं अंबूबाईंनी हजारांत ओळखली असती. सोनमनं फोन करून विश्वजितला न्यायला बोलावलं होतं. त्यानं दारात बूट काढले आणि तो लांबलचक खोलीतून त्यांच्याकडं यायला निघाला. पाणी आणती म्हणून उठायला अंबूबाईंनी खुर्चीचे हात धरले, आणि मग सोडून दिले. त्या बसून राहिल्या. मोज्यातला डावा पाय जरा आत वळत होता, टाच शेवटी टेकत होती, खांदा किंचित झुकत होता. तो कसा चालतो हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

“काय गं आई?” जवळ येऊन तो म्हणाला. “असं काय बघतीस?”

“काय न्हाई. जरा मागं जा की, इशू. दारापातूर जा, आन् परत चालत ये.”

“का गं?”

“जा तर.”

विश्वजितनं बायकोकडं बघितलं. तो हसत दारापर्यंत गेला, वळला, आणि परत आईकडं चालत आला.