ऐकणारी

टण. टण. टण.

ही तीन चांगली. जाऊ द्या पुढे.

ठप्प.

हे गेलं.

अकरा वर्षं माझं काम एवढंच आहे. भट्टीत भाजून, गार होऊन, पांढरी बेसिनं पट्ट्यावरून माझ्यासमोर येतात. मी प्रत्येकाच्या कडेवर लाकडी हातोडीचा एक टोला देते. आतून अखंड असेल तर आवाज लांबतो. कुठे केसाएवढी चीर असेल तर आवाज जागच्या जागी बसतो. चीर डोळ्यांना दिसत नाही, वरची चकाकी तिला झाकून टाकते. ऐकू मात्र येते. म्हणजे मला येते. टण असेल तर हिरव्या खडूची रेघ, ठप्प असेल तर लाल फुली. फुलीवाली मागच्या खड्ड्यात जातात आणि फुटतात.

कारखान्यात मला कुणी नावाने हाक मारत नाही. मी कान.

"कान आली का?"

"कान रजेवर आहे, पट्टा हळू सोडा."

"कानाचा चहा इथे ठेवलाय, कुणी पिऊ नका."

पाहुणे आले की पाळीचे साहेब त्यांना माझ्या टेबलापाशी आणतात. "ही आमची कान. फार छान ऐकते."

ऐकते म्हणजे हिला ऐकू येतं. ऐकते म्हणजे सांगितलं ते मुकाट्याने करते. साहेबांना दोन्ही म्हणायचं असतं. अकरा वर्षं दोन्ही खरं होतं.

टण.

*

अर्ज, पहिलं वर्ष. मा. साहेब, मला वाजवण्याच्या टेबलावरून वरच्या साच्यांच्या खोलीत काम शिकायची इच्छा आहे. मला चित्र काढता येतं. मातीचं काम मी लहानपणापासून करते. माझ्या मनात एका नव्या बेसिनचा आराखडा आहे, तो सोबत जोडला आहे. आपण कृपया...
शेरा: छान. सध्या टेबलावर गरज आहे.

अर्ज, चौथं वर्ष. मला साच्यांच्या खोलीत काम शिकायचं आहे. आराखडा सोबत जोडला आहे.
शेरा: आराखडा सापडला नाही. पुढच्या वर्षी बघू.

अर्ज, सातवं वर्ष. साच्यांच्या खोलीत. आराखडा पुन्हा जोडला आहे, टाचणीऐवजी स्टेपलने.
शेरा: तुमच्यासारखा कान दुसरा नाही. अभिमान आहे.

अर्ज, दहावं वर्ष. वरीलप्रमाणे.
शेरा: वरीलप्रमाणे.

*

सवय घरापर्यंत येते. मी पातेलं वाजवते, दार वाजवते, फळवाल्याकडे कलिंगड वाजवते आणि तो म्हणतो, ताई, तुम्ही आलात की माझं निम्मं दुकान नापास होतं. नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तो एकदा म्हणाला, "सगळं वाजवून घेतेस, मग मला का नाही घेतलंस?"

"तेव्हा ही नोकरी नव्हती," मी म्हटलं.

तो बराच वेळ हसला. मग हसायचा थांबला.

माझा आराखडा घरातल्याच बेसिनमुळे सुचला. लेक तोंड धुते तेव्हा पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळतं आणि कोपर असतं बेसिनच्या बाहेर. फरशीवर डबकं. नवरा तोंड धुतो, त्याचं बनियन पोटावर भिजतं. मी धुते, माझ्या बाह्या. तिघं तोंड धुतो आणि मी चौथ्यांदा वाकून फरशी पुसते. लोक हे असंच चालायचं म्हणून पुसत राहतात. मला वाटायचं, पुढची कड चार बोटं रुंद केली आणि आतल्या बाजूला उतरती ठेवली, तर कोपर तिच्यावर येईल आणि पाणी आपल्या पायांनी परत आत जाईल.

एवढंच. याच्यासाठी अकरा वर्षं.

लेक म्हणते, "आई, तुझं स्वप्न म्हणजे फरशी पुसायला न लागणं आहे."

असेल. ज्याने कधी फरशी पुसली नाही त्याने हसावं.

*

मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. हातात माइक, मागे फलक: 'मन लावून काम, मनासारखं आयुष्य.' आठवडाभर चालणार होतं. आधी एक कागद भरायचा होता.

कामावर यायला उत्साह वाटतो का? नेहमी. बऱ्याचदा. कधीकधी.

'कधीच नाही' असा रकाना नव्हता. मी 'कधीकधी'वर बरोबरची खूण केली. ठप्प.

कामात तुमचं मन रमतं का? नेहमी. बऱ्याचदा. कधीकधी.

इथे मी अडले. कारण रमतं. हीच तर खरी गोची आहे. चारशे टोल्यांमधला एक वेगळा लागला की अजूनही माझी मान आपोआप वळते. काम मला येतं आणि आवडतं, आणि रोज दुपारी जेवणाचा डबा उघडताना वाटतं की डबा भिंतीवर मारावा. या दोन्हींना मिळून एक रकाना कुठे असतो?

मग बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. "तुमचं स्वप्न लिहा! फक्त एका शब्दात!"

एका शब्दात. मी लिहिलं: बेसिन. मागे नाव.

शुक्रवारी सगळ्यांना आवारात उभं केलं. बाईंनी डब्यातून एक चिठ्ठी काढली, वाचली, आणि त्यांचा चेहरा उजळला. इतकं स्वस्तातलं स्वप्न त्यांना बहुतेक कुठल्याच कारखान्यात मिळालं नसणार. पाच मिनिटांत दोघांनी लाल फीत बांधलेलं बेसिन उचलून आणलं. चार नंबरचं मॉडेल. फितीच्या खालून माझीच हिरवी रेघ डोकावत होती.

"ताई, आज तुमचं स्वप्न पूर्ण होतंय!"

सगळ्या कारखान्याला हसू फुटलं. भट्टीवाला तर खाली बसून हसत होता. "कानाला बेसिन! अरे, हलवायाला पेढा द्या!"

माइक माझ्या तोंडासमोर होता. मी म्हटलं, "हे नको."

"म्हणजे, ताई?"

"हे तर मीच पास केलंय. मला माझं करायचंय. मी काढलेलं. अकरा अर्ज दिलेत."

हसणं थांबलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, मग बाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, करू या ना?" माइक आता त्यांच्या तोंडासमोर होता.

साहेब म्हणाले, "का नाही! तीन नग काढू. तीनपैकी एक जरी पास झाला, तरी कान साच्यांच्या खोलीत. शब्द दिला."

माइकवर हात ठेवून मला म्हणाले, "तुला ऐकायला ठेवलंय. बोलायला कधी लागलीस?"

*

साच्यांच्या खोलीत साचेवाले मामा. कुणाचेच मामा नव्हेत, म्हणून सगळ्यांचे. निवृत्तीला चार महिने राहिले होते. सात आठवडे जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी संपल्यावर तासभर मी त्यांच्याकडे जायची. डबा जिन्यातच संपवायची. वर खिडकी आहे. अकरा वर्षांत मला माहीत नव्हतं की कारखान्यातून झाडं दिसतात.

हाताला प्लास्टर लागलं. घरी नवऱ्याने विचारलं, "कुणाचं काय मोडलंय?"

"अजून काही नाही," मी म्हटलं.

रुंद कड जिथे खाली खोलगट भागाला मिळते, तिथे मी एक धारदार कोपरा काढला होता. कागदावर तो फार सुंदर दिसायचा. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"हा मऊ कर. इथे जाड, इथे पातळ. गार होताना दोघं दोन दिशांना ओढणार. मातीला असं आवडत नाही."

"पण मामा, तो मऊ केला तर चार नंबरसारखंच दिसेल."

"दिसू दे."

"नको. अकरा वर्षं मी असंच काढलंय."

मी ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकलं नाही आणि तेही नेमकं ज्याचं ऐकायला हवं होतं त्याचं.

*

सोमवार. सकाळची पाळी.

टण. टण. टण. चार नंबर. टण. सात नंबर. टण.

मग माझं पहिलं आलं. भट्टीतच वाकलं होतं, कड बोटभर खाली झुकली होती. वाजवायचीही गरज नव्हती. लाल.

दुसरं टोपलीतून आलं. दोन तुकडे. भट्टीवाला म्हणाला, "वाजवून बघ, कोणता जास्त चांगला वाजतो ते." मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बरं, राहिलं," आणि टोपली घेऊन गेला.

तिसरं.

तिसरं पट्ट्यावरून आलं आणि पट्ट्यावरच्या बायका उठून बघायला आल्या. पांढरं, सरळ, कड अशी आत उतरलेली की हात आपोआप ठेवावासा वाटावा. मी वाकले. नुसतं, पाण्याशिवाय, तोंड धुतल्यासारखं केलं. कोपर बरोबर कडेवर आलं.

"झालं का तोंड धुऊन? आता टॉवेल देऊ?" कुणीतरी म्हणालं. साहेबही येऊन मागे उभे राहिले होते.

मी हातोडी घेतली.

ट

आवाज निघाला. लांबायला लागला. आणि मध्येच, कुणी त्याच्या तोंडावर हळूच हात ठेवावा तसा, गेला.

"वा!" साहेब म्हणाले. "वाजलं की छान! लाव हिरवी रेघ."

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी परत मारला.

ट

"झालं ना आता? मला तर स्वच्छ ऐकू आलं."

त्यांना ऐकू आलं नव्हतं. तिथे कुणालाच ऐकू आलं नव्हतं. चीर कुठे होती तेही मला कळलं होतं, त्याच कोपऱ्यात, माझ्या सुंदर कोपऱ्यात, डाव्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी. हिरवी रेघ, आणि उद्यापासून मी वर, खिडकीपाशी. हिरवी रेघ, आणि वर्षभराने कुणाच्या तरी घरी गरम पाणी सोडल्यावर ते दुभंगणार, कुणाच्या तरी लेकीच्या पायावर. कदाचित दहा वर्षं काही होणारही नाही. कदाचित कधीच नाही. हिरवी

तिसऱ्यांदा मारला. कदाचित मी चुकत असेन म्हणून. इतक्या वर्षांत मी कधी इतक्या मनापासून चुकायचा प्रयत्न केला नव्हता.

ठप्प.

मी लाल खडू घेतला आणि फुली मारली. खडू मोडला.

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आनंदाने, खरोखरच्या आनंदाने.

"पाहिलंत? पाहिलंत का? मला ऐकू आलं नाही, हिला आलं! आणि स्वतःच्या बेसिनलाही सोडलं नाही! म्हणून, म्हणून तर हिला इथून हलवता येत नाही." त्यांनी मोबाइल काढला. "मी बाईंना सांगतो. मन लावून काम म्हणजे हे."

"साहेब, मी हिरवी रेघ मारली असती तर?"

"तर काय? शब्द दिला होता. वर गेली असतीस." ते नंबर शोधत होते. "पण तू मारणार नव्हतीस ना. मला माहीत होतं."

आणि निघाले, फोन कानाला लावून.

मी तिथेच उभी. चुकीचं ऐकलं असतं तर सुटले असते. बरोबर ऐकलं म्हणून अडकले. कुणावर ओरडायचं तेही कळेना. पट्टा पुन्हा सुरू झाला होता. चार नंबर आलं. मी हातोडी उचलली. सवय आहे.

टण.

सात नंबर आलं.

मी हातोडी खाली ठेवली.

*

माझं बेसिन खड्ड्यात जायला ढकलगाडीवर चढवलं होतं. मी ते उतरवलं. जड होतं, नवजात वासरासारखं निसटत होतं. जिन्याच्या अठरा पायऱ्या. दोनदा टेकवलं. मामांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा मला धाप लागली होती.

"फुलीचा माल वर आणायचा नसतो," मामा म्हणाले.

मी त्यांच्याच टेबलावरचा लाकडी ठोकळा घेतला आणि कडेने बोटभर अंतराने वाजवत गेले. टण, टण, टण, टण, टण. कोपऱ्यापाशी आले. ठप्प. मागे घेतलं, टण. पुढे, ठप्प. निळ्या खडूने तिथे रेघ ओढली, जिथे काहीच दिसत नव्हतं.

"इथून सुरू होते. इथे संपते. कोपऱ्याच्या बाहेर जातच नाही. बाकी सगळं बेसिन चांगलं आहे, मामा. फक्त तुम्ही म्हणालात तेच."

मामांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. चष्म्याने काही दिसण्यासारखं नव्हतं. त्यांनी कान लावला आणि मला परत वाजवायला सांगितलं. दोनदा. मान हलवली, कळल्याची की न कळल्याची ते सांगता येत नाही.

"तीन नग होते. तीन झाले. साहेब चौथा देणार नाहीत."

"साचा आहे ना अजून?"

"आहे."

"माती?"

"माती काय, कालवलेल्या मातीचं पिंपच्या पिंप भरलंय."

"मग मला तो कोपरा मऊ करू द्या."

त्यांनी साच्याचा अर्धा भाग काढून टेबलावर ठेवला. माझ्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा दिला. मी प्लास्टरच्या त्या धारेवर घासायला सुरुवात केली. पांढरी भुकटी उडायला लागली. अकरा वर्षांचा कोपरा दहा मिनिटांत जाण्यासारखा होता.

खाली पट्ट्याचा आवाज बदलला. माझ्या टेबलापाशी बेसिनं एकामागे एक येऊन थांबत होती, एकमेकांना टेकत होती. टण. टण. टण. कुणीतरी पट्टा बंद केला. एवढी शांतता दिवसा कधी झाली नव्हती. मग जिन्याच्या खालून साहेबांचा आवाज आला.

"कान! ए कान! कुठे गेली ही?"

मी घासत राहिले.

"कान! ऐकतेस का?"

मी कागद दोन्ही हातांनी धरला. पगार कापतील. टेबलावर दुसरं कुणी बसवतील, जिला चार नंबर आणि सात नंबरमधला फरकसुद्धा कळणार नाही. किंवा सरळ घरी पाठवतील. अर्ज क्रमांक बारा लिहायला लागणार नाही, एवढं नक्की. पहिल्या पायरीवर बूट वाजले. दुसऱ्या.

मामा म्हणाले, "तुला बोलावतायत."

"मला नाही ऐकू आलं," मी म्हटलं.

मामांनी दाराकडे बघितलं, मग साच्याकडे. दोन्ही हातांनी साचा घट्ट धरला, हलू नये म्हणून.

"मला आलं," ते म्हणाले. "तू घास."