जावंच लागतं

तंबाखूची वाळलेली पानं कोरड्या हवेत नुसता हात लावला तरी चुरा होतात. म्हणून ऑक्टोबर सरताना धुकं उतरलं, हवा दमट होऊन पानं मऊ पडली, की आमच्या केंटकीच्या डोंगरात माणसं हातातलं टाकून टांगलेली पानं उतरवायला कोठाराकडं पळतात. त्या दिवशी व्हर्जिलच्या कोठारात आम्ही तिघंच. व्हर्जिल, त्याची पोरगी रेलिन आणि शेजारीण म्हणून मी. व्हर्जिलची बायको वारलेली, आणि उजवा हात ट्रॅक्टरखाली चेपल्यापासून त्याचं निम्मं काम पोरीच्याच अंगावर.

पानं उतरवता उतरवता बापलेकीचं जुंपलं.

"शाळेतल्या बाई दोन वाटा सांगत्यात," रेलिन म्हणाली. "एक म्हंजी लांबच्या एका कॉलेजासंगं आत्ताच आपल्या दोघांची सही करून बांधून घ्यायचं. त्यांनी निवडलं, तर फी, ऱ्हाणं, जेवण समदं त्यांचं. पण मग जावंच लागतं. दुसरी वाट, चार ठिकाणी अर्ज टाकायचे. कोण किती मदत देतंय ते एप्रिलात कळंल, मग आपुन ठरवायचं."

"मग दुसरीच धर की! गळ्यात दावं कशापायी अडकवून घेतीस? जवळचं मिळालं तर शनवारी घरी येशील."

"अन् मदत पुरली न्हाई तर?"

"तवाचं तवा बघू."

"तवा मी हितंच असंन, बा. तुलाबी ठावं हाय."

व्हर्जिलनं हातातला देठ भिरकावला. "येवढा जड झालो व्हय गं मी तुला?"

"जड न्हाईस, म्हणून तर!" पोरीचा आवाज फाटला. "एप्रिलात तू ह्या हातानं वाफं करत असशील. तवा कुणी इचारलं, जातीस का ऱ्हातीस, तर मी ऱ्हाते म्हणंन. आन् जलमभर तुझ्यावर चिडत बसंन. मला कुणी इचारूच नगं, बा. आत्ताच बांधून टाक."

पत्र्यावरून दव ठिबकत होतं. मी मान खाली घालून पानं उतरवत राहिले. भिरकावलेला देठ वाकून उचलत व्हर्जिल म्हणाला, "कुठं करायची सही?"

डिसेंबर लागला तसा निरोप आला. त्या कॉलेजनं तिला घेतलं. रेलिन पायरीवर बसून हमसून हमसून रडली. सुटले म्हणून का चालले म्हणून, ते तिलाही सांगता येईना.

दुकानात माझ्यादेखत कुणीतरी व्हर्जिलला डिवचलंच. "काय रं, पोरगी टाकून चालली की तुला!"

"ती कुठं चाललीय?" तो म्हणाला. "त्यांनी बांधून घेतलीय तिला. तिच्या हातात काय हाय?"

बाहेर आल्यावर गाडीत बसला, पण चालू करीना. मी शेजारी बसले.

"इमा," समोर बघत तो म्हणाला, "येत्या साली निम्माच तंबाखू लावीन म्हणतो."